वाचक विचारतात: माजी सैनिकांचे सर्व्हिस डॉग आणि सर्टिफिकेटचा घोळ

मागच्या अंकात अमेरिकेतल्या माजी सैनिकांना मिळणाऱ्या सर्व्हिस डॉगबद्दल, म्हणजे अपंगत्वात मदतीची कामं शिकवलेल्या कुत्र्यांबद्दल, आपण एक छोटं टिपण छापलं होतं, त्यावर बऱ्याच मेल आल्या आणि जवळजवळ प्रत्येकीत फिरून फिरून तोच प्रश्न, की कुत्र्याचं सर्टिफिकेट कोण देतं आणि ते खरं कशावरून. म्हणून यावेळी सगळं सदर त्यालाच देतेय. नावं नेहमीप्रमाणे छापलेली नाहीत.

नमस्कार ताई, आम्ही सॅन अँटोनिओला असतो. मुलगा अमेरिकन आर्मीत होता, अफगाणिस्तानात जाऊन आला, आता पीटीएसडीचं (जबर धक्क्यानंतर जडणाऱ्या मानसिक आजाराचं) निदान झालंय. ऑनलाइन एक साइट मिळाली, ते म्हणतात पैसे भरा, कुत्र्याचं नाव नॅशनल रजिस्टरमध्ये टाकतो, फोटोचं कार्ड आणि लाल जाकीट घरी येईल. घेऊ का? आणि एडीआयची (असिस्टन्स डॉग्ज इंटरनॅशनल, अशा संस्थांची संघटना) मान्यता असलेल्या संस्थेकडूनच कुत्रा घ्यायला हवा असं कायद्यात आहे का? (एक आई, टेक्सास)

नका घेऊ. असं कुठलंही सरकारी नॅशनल रजिस्टर अमेरिकेत नाहीच आहे, त्यामुळे त्यात नाव टाकायचा प्रश्नच येत नाही. अमेरिकेच्या न्याय खात्याने स्पष्ट सांगितलंय की या साइट जी सर्टिफिकेटं विकतात त्यांनी कुठलाही हक्क मिळत नाही. पैसे जातात आणि जाकीट येतं, एवढंच.

आता कायद्याचं. अपंगांच्या हक्कांचा तिथला कायदा म्हणजे एडीए, १९९० चा. त्याच्या सुधारित नियमांप्रमाणे, जे मार्च २०११ पासून लागू आहेत, सर्व्हिस अ‍ॅनिमल म्हणजे कुत्रा, आणि तोही एखाद्याच्या अपंगत्वाशी जोडलेलं ठराविक काम शिकलेला. (छोट्या जातीच्या घोड्यांसाठी वेगळं कलम आहे, हो, खरंच आहे.) पीटीएसडीसारखा मानसिक आजारही यात बसतो. दुकानात किंवा हॉटेलात गेलात तर स्टाफ दोनच प्रश्न विचारू शकतो, हा कुत्रा अपंगत्वामुळे लागतो का आणि तो कुठलं काम शिकलाय. कागद मागता येत नाही, आजार काय ते विचारता येत नाही, काम करून दाखवा असंही म्हणता येत नाही. म्हणजे संस्थेची मान्यता सोडाच, संस्थाच असली पाहिजे असंही नाही, माणूस स्वतःसुद्धा आपला कुत्रा शिकवू शकतो.

मग मान्यतेचं एवढं काय घेऊन बसलेत सगळे? कारण प्रवेशाचा हक्क वेगळा आणि पैसे वेगळे, आणि इथेच बहुतेक लोक गोंधळतात. माजी सैनिकांचं खातं, ज्याला सगळे व्हीए म्हणतात, त्यांनी २०१२ मध्ये नियम केला की आम्ही सर्व्हिस डॉगच्या डॉक्टरखर्चाचा विमा देऊ, पण कुत्रा एडीआय किंवा अंधांच्या कुत्र्यांसाठीची इंटरनॅशनल गाइड डॉग फेडरेशन यांची मान्यता असलेल्या संस्थेतूनच ट्रेन झालेला हवा. कुत्रा विकत घ्यायला व्हीए पैसे देत नाही हे लक्षात ठेवा. विम्यात डॉक्टरचा खर्च येतो, कुत्रा आणायला जाण्यायेण्याचा आणि हार्नेससारख्या सामानाचा खर्चही मिळू शकतो, पण खाणं, आंघोळ-केस कापणं, बोर्डिंग हे सगळं तुमचं तुम्ही. शिवाय तो नियम मुळात दृष्टी, श्रवण आणि चालण्या-हलण्याच्या अडचणींसाठी होता. पीटीएसडी मुद्दाम बाहेर ठेवला होता, पुरावा पुरेसा नाही म्हणून, आणि त्यावर तेव्हा भरपूर आरडाओरडा झाला. नंतर २०१६ मध्ये मानसिक आजारामुळे ज्यांचं हिंडणं-फिरणं थांबलंय अशांसाठी एक छोटा पायलट प्रोजेक्ट सुरू झाला.

गंमत बघा, त्याच व्हीएच्या हॉस्पिटलात कुत्रा घेऊन आत जायला मान्यता लागत नाही, २०१५ चा त्यांचा नियम एडीएसारखाच आहे. दारातून आत सोडतील, पण विम्याच्या खिडकीवर कागद मागतील.

तुम्ही सॅन अँटोनिओतच आहात तर एक गोष्ट लगेच करा. ऑगस्ट २०२१ मध्ये पॉज नावाचा कायदा झाला, त्याखाली २०२२ पासून पाच व्हीए मेडिकल सेंटरमध्ये पाच वर्षांचा पायलट प्रोजेक्ट चालू झाला आणि त्यातलं एक तुमच्या गावात आहे. (बाकीची अँकरेज, अ‍ॅशव्हिल, पालो अल्टो आणि वेस्ट पाम बीच.) तिथे पीटीएसडी असलेला माजी सैनिकच कुत्रा ट्रेन करायला शिकतो, ते शिकणं हाच उपचाराचा भाग, आणि शेवटी त्याला आणि त्याच्या डॉक्टरला दोघांना योग्य वाटलं तर तो कुत्रा तो दत्तक घेऊ शकतो. मुलाच्या मेंटल हेल्थ डॉक्टरलाच विचारा. साइटवाल्यांना द्यायचे पैसे वाचतील ते वेगळेच.

आणि टेक्सासमध्ये खोटा सर्व्हिस डॉग मिरवणं गुन्हा आहे, २०२३ पासून दंड हजार डॉलरपर्यंत आणि वर ३० तास समाजसेवा. तुमचा मुलगा काही खोटं करत नाहीये, पण ट्रेनिंग नसलेल्या कुत्र्याला ते जाकीट घालून मॉलमध्ये नेलं आणि तो कोणावर धावून गेला तर उगाच झेंगट.

आम्ही न्यू जर्सीतल्या मंडळातून दरवर्षी कुठल्यातरी संस्थेला देणगी देतो. यंदा माजी सैनिकांच्या सर्व्हिस डॉगसाठी द्यायचं ठरतंय. एडीआयची मान्यता म्हणजे नेमकं काय तपासलेलं असतं? आणि मान्यता नसलेल्या छोट्या संस्थेला देऊच नये का? (मंडळाचे खजिनदार)

सोप्यात सांगायचं तर आपल्याकडे कॉलेजला नॅकची ग्रेड मिळते, पोराला नाही, तसंच हे. एडीआय संस्थेला मान्यता देते. एखादी संस्था "आमचा कुत्रा एडीआय सर्टिफाइड" असं लिहीत असेल तर तिथेच कान टवकारा, कारण एडीआय स्वतः एकेका कुत्र्याला सर्टिफिकेट देत बसत नाही. कुत्र्याची परीक्षा संस्था घेते, एडीआयने ठरवलेल्या निकषांवर.

एडीआय ही ऐंशीच्या दशकात सुरू झालेली ना-नफा संस्थांची संघटना आहे. मान्यता हवी असलेली संस्था आधी उमेदवार म्हणून आत येते, मग तपासनीस प्रत्यक्ष येऊन कागद बघतात, कुत्र्यांची जागा बघतात, ट्रेनिंग बघतात, कुत्रा मिळालेल्या लोकांशी बोलतात. दर पाच वर्षांनी परत तेच. निकष काय आहेत? कुत्र्याला त्या माणसाच्या अपंगत्वाशी संबंधित किमान तीन कामं यायला हवीत. सार्वजनिक जागी वागण्याची परीक्षा पास हवी, म्हणजे दुकानात कोणी ट्रॉली घेऊन अंगावरून गेलं, खाली खाणं सांडलं, दुसरा कुत्रा आला तरी हा जागचा हलला नाही पाहिजे. नसबंदी झालेली हवी. आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, कुत्रा देऊन झाल्यावरचा पाठपुरावा. पहिले काही महिने नियमित रिपोर्ट, नंतर दरवर्षी प्रत्यक्ष संपर्क.

अजून एक नियम आहे जो सैनिकांच्या बाबतीत फार कामाचा. कुत्र्याला राखणीचं किंवा अंगावर जाण्याचं ट्रेनिंग द्यायचं नाही, अजिबात नाही. पीटीएसडी असलेला माणूस आधीच सारखा सावध असतो, मागून कोण येतंय, दार कुठे आहे, हात खिशात का घातला, आणि त्याच्या हातात गुरगुरणारा कुत्रा दिला तर काय होईल ते सांगायला नको. काही उत्साही ट्रेनर नेमकं हेच करतात, "सैनिक आहे ना, त्याला दमदार कुत्रा द्या" म्हणून. लष्करी सेवेतून आलेल्या पीटीएसडीसाठी एडीआयचे वेगळे जादा निकष आहेत, त्यात स्टाफला या आजाराची माहिती असणं आलं, आणि माणसाचे उपचार करणाऱ्यांशी संबंध ठेवणंही आलं.

आता दुसरी बाजू पण सांगते, नाहीतर मी एडीआयची एजंट वाटायची. ही मान्यता सरकारची नाही. सभासद संस्थाच एकमेकींना तपासतात. पैसा लागतो, माणसं लागतात, वर्षं जातात, त्यामुळे एखाद्या छोट्या गावात दोन माणसं मनापासून वर्षाला चार कुत्रे तयार करत असतील तर ती मान्यतेपर्यंत पोचतीलच असं नाही, आणि म्हणून ती वाईट असंही नाही. उलट मान्यता असलेल्या संस्थांकडे रांगा इतक्या की एकदोन वर्षं थांबणं ही नेहमीची गोष्ट. एक कुत्रा तयार करायला साधारण २० हजार ते ५० हजार डॉलर खर्च येतो असं धरतात, आणि शिकायला घेतलेल्यांपैकी बरेच मध्येच बाद होतात, कोणी आवाजाला घाबरतो, कोणाचे खुबे कमजोर निघतात. हा खर्च बहुतेक देणगीतूनच निघतो, म्हणजे तुमच्यासारख्या मंडळांमधून.

म्हणून मान्यता नसलेल्या संस्थेला पैसे द्यायचे तर फोन करा आणि विचारा की मागच्या वर्षी किती कुत्रे बाद केले. जी संस्था म्हणते एकही नाही, तिला देऊ नका. मग विचारा, कुत्रा आणि माणूस यांचं जमलं नाही तर पुढे काय करता, कुत्रा परत घेता का. कुत्रा म्हातारा झाला की कुठे जातो. माणूस चार दिवस हॉस्पिटलात भरती झाला तर कुत्र्याला कोण बघतं. ज्यांनी खरंच काम केलंय ते यावर अर्धा तास बोलतात, थांबवावं लागतं. ज्यांनी नाही केलेलं ते तुम्हाला झेंडा आणि युनिफॉर्मवाल्या फोटोंचं ब्रोशर पाठवतील.

आमच्या घरी तीन वर्षांचा लॅब आहे, फार गुणी. नवऱ्याला (नेव्हीत होते) त्याच्यामुळे खूप बरं वाटतं. त्यालाच सर्व्हिस डॉग करता येईल का? (ओहायो)

कायद्याने येईल. पण त्याच्यामुळे बरं वाटतं एवढं पुरत नाही, तो झाला इमोशनल सपोर्ट, त्याला हॉटेल-दुकानात हक्क नाही. रात्री वाईट स्वप्न पडलं की उठवणं, दिवा लावणं, धाप लागली की मांडीवर भार देऊन बसणं, पाय सारखा हलायला लागला की नाकाने ढोसून भानावर आणणं, अशी शिकवलेली कामं हवीत. स्वतः शिकवणाऱ्या लोकांच्यात एक जुना हिशोब चालतो, सहा महिन्यांत किमान १२० तास, त्यातले ३० तरी घराबाहेर गर्दीत. तो कायदा नाही, पण त्याहून कमीत होईल असं मला वाटत नाही.

अमेरिकन केनेल क्लबची कॅनाइन गुड सिटिझन नावाची दहा भागांची परीक्षा आहे, तिथून सुरुवात करा. ती सर्व्हिस डॉगची परीक्षा नव्हे, पण त्यात नापास झाला तर पुढचं स्वप्न बघू नका. आणि व्हीएचा विमा असा घरी शिकवलेल्या कुत्र्याला मिळणार नाही हे आधीच धरून चाला.

मी सायकॉलॉजी शिकतेय. सगळे म्हणतात कुत्र्यामुळे पीटीएसडी बरा होतो. खरंच पुरावा आहे का, की नुसते भावुक व्हिडिओ? (विद्यार्थिनी, पुणे)

छान प्रश्न, आणि याचा मान्यतेशी सरळ संबंध आहे. अमेरिकन काँग्रेसने व्हीएला अभ्यास करायला लावला, तो २०११ मध्ये फ्लोरिडात टॅम्पाला सुरू झाला आणि बंद पडला. कुत्रे चावल्याचे प्रकार झाले, आणि ज्या बाहेरच्या संस्था कुत्रे पुरवत होत्या त्यांच्या कुत्र्यांच्या तब्येती आणि ट्रेनिंगबद्दल तक्रारी निघाल्या. एवढ्या मोठ्या सरकारी खात्याची ही गत, तर साध्या घरातल्या माणसाने कुत्रा कसा पारखायचा! मग सगळं नव्याने आखून अटलांटा, आयोवा सिटी आणि पोर्टलंडला परत सुरू केलं. १८१ माजी सैनिकांना कुत्रे दिले, काहींना पूर्ण शिकलेला सर्व्हिस डॉग तर काहींना फक्त सोबतीचा इमोशनल सपोर्ट डॉग, आणि दीड वर्ष बघितलं. निकाल असा की रोजचं जगणं आणि एकूण आयुष्याची गुणवत्ता यात दोन गटांत फरक नाही, पण पीटीएसडीच्या लक्षणांत सर्व्हिस डॉगवाल्यांना थोडा जास्त फायदा, आणि आत्महत्येचे विचार व त्या दिशेचं वागणंही त्यांच्यात कमी. दोघांनाही कुत्रा होता हे विसरू नका, कुत्रा विरुद्ध काहीच नाही अशी ही तुलना नव्हती.

ती दुसरी तुलना २०२४ च्या जूनमध्ये जामा नेटवर्क ओपन या वैद्यकीय नियतकालिकात आली. के-नाइन्स फॉर वॉरियर्स ही फ्लोरिडाची एडीआय मान्यता असलेली संस्था, तिच्याकडचे ८१ जण कुत्रा मिळालेले आणि ७५ जण नेहमीचेच उपचार घेणारे. तीन महिन्यांनी, कोणाकडे कुत्रा आहे हे माहीत नसलेल्या डॉक्टरांनी तपासलं तर पीटीएसडीचं निदान कायम असण्याची शक्यता कुत्रा असलेल्यांत ६६ टक्क्यांनी कमी. आकडा मोठा आहे, पण चिठ्ठ्या टाकून गट पाडले नव्हते आणि तीन महिने म्हणजे फार नाहीत. नेहमीचे उपचार दोन्ही गटांत चालू होते. म्हणजे बरा होतो असं लिहू नकोस, उपचारांना जोड मिळते असं लिही.

तुझ्यासारखीने बघावा असा एक वाद अजून आहे. व्हीएच्या अभ्यासात सर्व्हिस डॉगना पाच कामं शिकवली होती, दिवा लावणं, वस्तू आणून देणं, खोलीत पुढे जाऊन फेरी मारणं, माणसाच्या पुढे आडवं उभं राहणं आणि मागे उभं राहणं. शेवटच्या तीन कामांवर काही तज्ज्ञांचा आक्षेप असा की खोली कुत्र्याकडून तपासून घेतली तर खोलीत धोका आहे हेच मनात पक्कं होतं, आणि उपचारात तर नेमकं उलटं शिकवतात. मला हा आक्षेप पटतो, पण ज्याला पंधरा वर्षं सुपरमार्केटमध्ये जाता आलेलं नाही तो कुत्र्याच्या आडोशाने का होईना आत गेला, तर त्याला नको म्हणायची माझी तरी हिंमत नाही. कुठली कामं शिकवायची हे संस्था आणि डॉक्टर दोघांनी बसून ठरवायला हवं.

सरकारच एक राष्ट्रीय निकष का करत नाही? (टोरंटो)

तुमच्याच देशाने करून बघितलं की. कॅनडाच्या माजी सैनिक खात्याच्या पुढाकाराने तिथल्या स्टँडर्ड्स बोर्डाने मसुदा केला, लोकांची मतं मागवली, आणि एकमत होईना म्हणून २०१८ मध्ये काम गुंडाळलं. मोठ्या संस्था म्हणत आमचे आंतरराष्ट्रीय निकष आधीच आहेत, स्वतः शिकवणाऱ्यांना भीती की आपण बाहेर पडू. ब्रिटिश कोलंबियाचा मार्ग मला बरा वाटतो, एडीआय किंवा गाइड डॉग फेडरेशनच्या संस्थेचा कुत्रा असेल तर सरळ सर्टिफिकेट, नाहीतर प्रांताची परीक्षा द्या आणि पास व्हा.

ताई, आमचे भाऊ सुभेदार म्हणून रिटायर झालेत, झोप नाही, चिडचिड फार. पुण्यातले एक ट्रेनर म्हणाले केसीआय सर्टिफाइड लॅब्रॅडॉर देतो, तोच सर्व्हिस डॉग. किंमत भरपूर सांगतायत. दुसरं, आर्मीतली रिटायर्ड कुत्री मिळतात म्हणे, ती चालतील का? (सातारा)

केसीआय म्हणजे केनेल क्लब ऑफ इंडिया, त्यांचा कागद कुत्र्याची जात आणि वंशावळ सांगतो. आई कोण, बाप कोण, एवढंच. ट्रेनिंगबद्दल त्यात अक्षर नसतं. त्या कागदावर कोणी जादा पैसे मागत असेल तर जात शुद्ध असल्याचे पैसे मागतोय, असं समजा.

आपल्याकडे २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे, त्यात मानसिक आजार धरलाय, पण मदतनीस कुत्र्यांबद्दल त्यात तरतूद नाही. म्हणजे अमेरिकेसारखा कुत्रा घेऊन हॉटेलात, एसटीत शिरायचा हक्क नाही, आणि त्यामुळे कोणी "सरकारमान्य सर्व्हिस डॉग" म्हणत असेल तर कुठल्या सरकारचा ते त्यालाच विचारा. तो एडीआयचं नाव घेत असेल तर त्यांच्या वेबसाइटवर देशाप्रमाणे सभासद संस्थांची यादी असते, पाच मिनिटांत कळतं.

आर्मीची कुत्री मेरठच्या सेंटरमध्ये तयार होतात, स्फोटकं हुंगणं, माग काढणं, पहारा. रिटायर झाल्यावर ती दत्तक दिली जातात आणि घरात प्रेमाने राहतातही. पण त्याला आयुष्यभर शिकवलेलं काम वेगळं, शिवाय तोही थकलेला असतो, सांधे दुखतात. सोबत म्हणून आणा, औषध म्हणून नको.

आधी भाऊंना दाखवा. माजी सैनिकांना ईसीएचएसमधून (त्यांच्यासाठीची आरोग्य योजना) आणि मिलिटरी हॉस्पिटलातून मानसोपचार मिळतात, साताऱ्यात जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे, तिथे चौकशी करा. डॉक्टर म्हणाले की घरात कुत्रा असला तर बरं, तर साधा, शांत स्वभावाचा, मोठा झालेला कुत्रा बघा, पिल्लू नको. ज्याला आधीच रात्रीची झोप नाही त्याच्या गळ्यात रात्रभर केकाटणारं पिल्लू कशाला बांधायचं?

जावई यूएस मरीन्समधून बाहेर पडलेत, त्यांचा सर्व्हिस डॉग आहे, मान्यताप्राप्त संस्थेचा. दिवाळीला सगळे पुण्याला येतायत. विमानात घेतील का, कागद काय? (कोथरूड)

इथे येताना त्रास कमी, परत जाताना जास्त, म्हणून नीट वाचा. अमेरिकेतून सुटणाऱ्या आणि तिथे जाणाऱ्या विमानांना त्यांच्या वाहतूक खात्याचा नियम लागतो, तो जानेवारी २०२१ पासून बदललाय. इमोशनल सपोर्टवाल्यांना आता सूट नाही, शिकलेल्या सर्व्हिस डॉगला आहे, पीटीएसडीचा असला तरी. खात्याचा फॉर्म भरून द्यायचा आणि आठ तास किंवा जास्तीचा प्रवास असेल तर कुत्रा विमानात घाण करणार नाही किंवा सोय केलीय असा दुसरा फॉर्म. मान्यतेचा कागद सक्तीचा नाही, पण फॉर्मात ट्रेनिंग कोणी दिलं ते लिहावं लागतं आणि तिथे ओळखीच्या संस्थेचं नाव असलं की काउंटरवरची चर्चा लवकर आटपते. मधे दुसऱ्या देशात विमान बदलत असाल तर त्या देशाचे आणि त्या एअरलाइनचे नियम वेगळे बघा, शक्यतो थेट मुंबई गाठा.

भारतात उतरताना सर्व्हिस डॉग म्हणून वेगळी खिडकी नाही, कुठल्याही कुत्र्याला लागतात तेच कागद, रेबीजची लस, हेल्थ सर्टिफिकेट आणि अ‍ॅनिमल क्वारंटाइनची एनओसी. मुंबईला त्यांचं ऑफिस आहे, एनओसीचा अर्ज आधीच करा.

आणि परतीचं. रेबीजमुळे अमेरिकेच्या सीडीसीने, म्हणजे तिथल्या रोगनियंत्रण संस्थेने, भारताला जास्त धोक्याच्या देशांच्या यादीत ठेवलंय, ऑगस्ट २०२४ पासून नियम कडक आहेत आणि सर्व्हिस डॉगला त्यातून सुटका नाही. कुत्र्याला मायक्रोचिप हवी, आणि लस अमेरिकेत दिलेली असेल तर तसा सीडीसीचा फॉर्म तिथल्या कुत्र्याच्या डॉक्टरकडून भरून घेऊन अमेरिकन कृषी खात्याचं एंडोर्समेंट घ्यायचं, निघायच्या आधी, तिथे असतानाच. इथे आल्यावर आठवलं तर पुण्यातला कुठलाही डॉक्टर तो करून देऊ शकत नाही, मग रक्ताची तपासणी, ठराविक विमानतळ, तिथे क्वारंटाइनचं बुकिंग, असं सगळं मागे लागतं. आजच जावयांना फोन करा.